फुकट विरुद्ध फुकट

"ए वंदने! ऊठ व माय! कोंबडे आरवून थकले, म्हशी पिळून झाल्या, सारं जऊळका जागं झालं, आन् तू एकटी काय घोरून राह्यली? म्हण, सतरा एके सतरा! सतरा दुणे..."

हा आवाज माझा. पहाटेची वेळ, जऊळक्याच्या स्टेशनामागची आळी, फटफटी चालूच ठेवलेली, आणि मी वंदनाच्या दारासमोर उभा राहून पाढे ओरडतोय. माझ्या आवाजाबद्दल मी स्वतः बोलू नये, पण याच आळीत मी एकदा एकोणतीसचा पाढा सुरू केला तेव्हा सिग्नल मिळालेली मालगाडी स्टेशनाबाहेरच थांबली होती. ड्रायव्हरला वाटलं पुढं काही विपरीत झालं. त्या वेळचे स्टेशनमास्तर याला साक्षीदार आहेत, पण त्यांची बदली झाली, आणि कुठं झाली ते मला विचारू नका.

दार उघडलं. वंदना बाहेर आली. मला वाटलं होतं डोळे चोळत येईल. तर पोरीचे केस विंचरलेले, तोंड धुतलेलं, हातात मोबाइल. ओठांवर बोट ठेवून म्हणाली, "सर, हळू. लेक्चर चालू हाये."

"कोनाचं लेक्चर?"

"दादांचं."

"कोनता दादा?"

"मोबाइलवरचे. सगळ्यांसाठी असते सर, पैसे नाही लागत. थोडंसंच राह्यलं. बसता का ओट्यावर?"

बसता का ओट्यावर! दुसऱ्या मास्तराचा तास संपेस्तोवर मी ओट्यावर बसायचं. फटफटी बंद करून मी बसलो. आतून एक गोड, गुळगुळीत आवाज येत होता, 'तर मित्रांनो, शेकडेवारी म्हणजे काय?' आणि वंदना हसली. शेकडेवारीत हसण्यासारखं काय असतं, हे मला क्लास काढल्यापासून आजतागायत सापडलेलं नाही.

माझा धंदा बाहेरच्या माणसाला समजावून सांगावा लागतो. वाशीमला स्टँडमागे माझा क्लास. तलाठी, पोलीस, वनरक्षक, जी भरती निघेल तिचं गणित आणि बुद्धिमत्ता मी शिकवतो. लोकांना वाटतं मास्तराचं काम शिकवणं. शिकवायला काय लागतं? खडू लागतो. खरं काम आहे पोराला अंथरुणातून काढणं. वऱ्हाडातलं पोट्टं हुशारीत कोणाला ऐकत नाही, पण पहाटेच्या गोधडीपुढं ते शरण जातं. म्हणून मी 'उठवणी' काढली. रोज एक गाव धरायचं, पहाटे फटफटीवर जायचं आणि आपल्या पोरांच्या दारापुढं नावानिशी ओरडायचं. सारा गाव जागा होतो, मग लाजेनं का होईना पोरगं पुस्तक उघडतं. एक पोरगा मला चुकवायला शेतातल्या मचाणावर निजायला गेला. मी धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, हाक मारली, तर त्यानं झोपेतच तेवीसचा पाढा बिनचूक म्हटला. तो आज पोलिसात आहे. अजूनही झोपेत पाढे म्हणतो, फक्त आता ड्यूटीवर म्हणतो, असं त्याची बायको सांगते.

धंद्याचा दुसरा पाय म्हणजे फ्लेक्स. निकाल लागला की पास झालेल्या पोरांचे फोटो आपल्या क्लासच्या फ्लेक्सवर छापून चौकात टांगायचे. पोरगं दोन दिवस जरी बाकावर बसून गेलं असलं तरी ते आपलं. वाशीममध्ये असे महाभाग आहेत की एकाच वेळी तीन-तीन क्लासच्या फ्लेक्सवरून हसतात, आणि प्रत्येक फ्लेक्सवर शर्ट वेगळा. मी मात्र तत्त्वाचा माणूस. ज्याला उठवलं, तोच माझा.

वंदना तर माझीच होती. ती क्लासात आली त्याच दिवशी मी मनात फ्लेक्स छापून टाकला होता: मधोमध वंदना, वर माझा फोटो, तिच्यापेक्षा थोडासाच मोठा. तलाठ्याच्या परीक्षेत ती एकदा अगदी थोडक्यात हुकली होती. पुढच्या भरतीत ती लागणार हे मला दिसत होतं, आणि लागली की ती कोणाची म्हणायची, हा प्रश्न त्या पहाटेपर्यंत माझ्या स्वप्नातही आला नव्हता.

तास संपवून ती बाहेर आली. मी म्हटलं, "फीची अडचण असंन तं सांग."

"फी तं तुमी कवाच माफ केली, सर."

म्हणजे बघा. मीही तिला फुकटच शिकवत होतो, तोही फुकटच शिकवत होता. फुकट विरुद्ध फुकट अशी सरळ लढत झाली, आणि मी पडलो! पैशानं हरलो असतो तर बाजाराला शिव्या घालून मोकळा झालो असतो. आता कोणाला घालू?

"मंग क्लासले येनं बंद?"

"सध्या घरीच करतो म्हनतो, सर. राग तं नाही ना आला?"

"मले? राग? छट्!" मी म्हणालो आणि फटफटीला अशी किक मारली की किकचा दांडाच तुटून शेजारच्या छपराच्या कवेलूंवर गेला.

घरी येऊन मी पहिलं काम केलं ते त्या दादाला उघडून बसण्याचं. आमची ही, शोभा, मागून येऊन उभी राहिली.

"काय पाहून राह्यले एवढं?"

"शत्रू."

तिनं वाकून पाहिलं. "दिसाले तं चांगला हाये बाप्पा. आवाज बी गोड. कोनाचा पोरगा हाये?"

"माहीत नाही."

"एवढं टक लावून माह्याकडं कधी नाही पाह्यलं तुमी," असं म्हणून ती कणीक मळायला गेली, पण जाताना म्हणाली, "थोडा आवाज वाढवा, मले बी आयकू येऊ द्या."

माझ्या घरात! तेव्हापासून मला व्यसनच लागलं. उठलो की दादा, जेवलो की दादा. वंदना नसेल पाहत इतका मी त्याला पाहिला. त्याचा शर्ट रोज इस्त्रीचा. त्याला खडूचा खोकला नाही, कारण खडूच नाही, हवेत बोट फिरवलं की अक्षर उमटतं. त्याच्या वर्गात कोणी जांभई दिली तर त्याला दिसत नाही, म्हणून तो सदा आनंदी. मीही वर्ग रिकामा असता तर किती आनंदी राहिलो असतो! आणि माझा वर्ग तर रिकामा होतच होता, पण आनंद काही येईना.

कारण आता ज्याच्या त्याच्या हातातल्या मोबाइलवर फुकटचा कोर्स. शेलूबाजारचा एक टेलर केरळातल्या कोण्या बाईकडून ब्लाउजची कटिंग शिकला. तिचा एक शब्द त्याला कळत नव्हता, नुसत्या कात्रीकडं पाहून शिकला. आता त्याच्याकडं इतकी गर्दी असते की लग्नाची तारीख ब्लाउज कधी मिळेल ते पाहून काढतात. एका सरपंचानं नेतृत्वाचा कोर्स केला आणि प्रमाणपत्र फ्रेम करून ग्रामपंचायतीत लावलं. मोठमोठ्या कॉलेजांचं शिक्षण असं गावोगावी खुलं झालेलं पाहून चांगल्या माणसाला आनंद व्हायला हवा. मला झाला नाही. मी खोटं कशाला बोलू?

पण त्या उघड्या शाळेची गोमही मला लवकरच कळली. माझ्या क्लासातला गजानन तिकडं गेला होता. तो मला चहाच्या टपरीवर भेटला.

"किती कोर्स लावले बे?"

"मोजले नाही सर. पायथन लावलं, कुक्कुटपालन लावलं, जर्मन भाषा लावली, मानसशास्त्र बी हाये."

"संपवले किती?"

"संपवाचे बी असतेत का?"

त्याचं प्रत्येक विषयातलं पहिलं लेक्चर पाठ होतं. जगातल्या सगळ्या ज्ञानाचं 'नमस्कार मित्रांनो' त्याच्याइतकं कोणालाच येत नसेल. दार सताड उघडं असलं की माणूस आत जातो आणि तितक्याच सहज बाहेर येतो. तिथं कान धरून परत बसवणारा कोणी नाही. त्या दिवशी टपरीवर मी सगळ्यांना चहा पाजला.

दुसरा आनंदाचा दिवस पोहरादेवीच्या यात्रेतला. रामनवमीची गर्दी अशी की माणसाला स्वतःचा हात खिशात घालायला शेजाऱ्याची परवानगी घ्यावी लागावी. गजानन आणि त्याचे दोस्त नारळाच्या दुकानामागं बसून दादाचं लेक्चर लावून होते. गर्दीनं नेटवर्क गेलं आणि दादा तोंड उघडं ठेवून जागीच अडकला. मी अर्धा तास त्याच्या पडजिभेकडं पाहत उभा होतो. मग म्हटलं, "मित्रांनो, इकडं पाहा." आणि त्याचं उरलेलं गणित मी नारळ मांडून शिकवलं. वर्तुळ करून बायाही ऐकायला बसल्या. एका म्हातारीनं तर माझ्या पायावर डोकं ठेवलं. तिला मी कोणी महाराज वाटलो. मी तिचा गैरसमज दूर केला नाही.

आणि मग ती घटना घडली. दादा चुकला.

आगगाडीचं उदाहरण होतं. गाडीनं फलाट ओलांडायचा असेल तर गाडीची लांबी आणि फलाटाची लांबी, दोन्ही मिळवावी लागतात. नुसत्या खांबाला ओलांडायचं असेल तर एकट्या गाडीची लांबी पुरते. हे माझ्या क्लासातल्या भिंतींनाही येतं. दादानं बोलता बोलता फलाटच खाल्ला! सबंध फलाट, बाकांसकट, पाण्याच्या नळासकट! मी जागेवरून असा उडालो की पंखा थोडक्यात वाचला. शोभा धावत आली.

"काय झालं? कोन गेलं?"

"दादा गेला!"

"अवं माय! कसा?"

"गाडीखाली!"

मी पावभर जिलबी आणून गल्लीत वाटली. मग त्या लेक्चरखाली लिहायच्या जागी असा खणखणीत मजकूर लिहिला की लिहिता लिहिता मोबाइल तापला. 'ज्याला फलाट दिसत नाही त्यानं गाडी चालवू नये' हे त्यातलं सर्वांत मवाळ वाक्य. खाली नाव लिहायचं धाडस झालं नाही. 'वाशीमचा एक हितचिंतक' लिहिलं.

दोन दिवसांनी त्याचं नवं लेक्चर आलं. वर्गात राहिलेली चार-दोन पोरं जमवून मी मुद्दाम सगळ्यांसमोर लावलं, म्हटलं शत्रूची फजिती एकट्यानं पाहण्यात काय मजा. दादा पडद्यावर आला, हात जोडले. म्हणाला, 'मित्रांनो, मागच्या तासाला माझी चूक झाली. वाशीमच्या एका विद्यार्थ्यानं ती दाखवून दिली. शाब्बास बाळा! असाच मन लावून अभ्यास करत राहा, एक दिवस नक्की अधिकारी होशील.'

पोरांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, न वाजवून सांगतो कोणाला? मिशा पांढऱ्या झालेला, दोन दाढा काढलेला मी, बाळ! आणि त्याला चूक दाखवावी तर त्यानं ती उघड कबूल केली आणि उलट त्याचा भाव वाढला. खाली कौतुकाचा पाऊस पडला. मी मारलेल्या दगडावर चढून तो आणखी उंच झाला.

त्यानंतर सोयाबीन सोंगणीचे दिवस आले आणि एका दुपारी वंदनाचा फोन आला.

"सर, तुमची उठवनी चालू हाये का?"

माझ्या काळजात मोर नाचला. "चालू हाये म्हंजे? तुह्यासाठी तं स्पेशल! दादा सोडला का?"

"नाही ना जी. पन दिवसभर सोंगनी करून अंग मोडते, पहाटे जागच येत नाही. गजराची इतकी सवय झाली का तो आयकूच नाही येत. कोर्स अर्ध्यावर राह्यला. माह्यासंग ज्यायनं लावला होता ते सगळे सोडून गेले. माय उठवते तं मी तिच्यावरच चिडतो. तुमच्यावर चिडता नाही येत."

"मंग उद्या येतो. शेकडेवारीपासून सुरू करू."

"नाही, सर. शिकवाले नाही. फक्त उठवाले."

तुमच्यापैकी कोणी स्वयंपाकी असेल तर त्यानं विचार करावा: यजमान म्हणतो, तुम्ही फक्त चूल पेटवून द्या, स्वयंपाकाला दुसरा आचारी सांगितलाय. मी फोन ठेवला. शोभाला म्हटलं, मी जाणार नाही. पहाटे तिनंच मला ढोसलं. "जा ना. पोरगी अर्ध्यावर राह्यली तं तुमालेच बरं वाटन का?" थोडंसं वाटलं असतंच. पण दुसरा हिशोबही होताच: ज्याला उठवलं, तो माझा. मी गेलो.

गेलो आणि जातच राहिलो. वाशीमहून जऊळका काही शेजारी नाही. त्या थंडीत माझ्या मिशांवर असं दव गोठायचं की गावात शिरल्यावर आधी मिशा फोडाव्या लागत. मी ओरडायचो, आत दिवा लागायचा, आणि लगेच त्या गुळगुळ्याचा आवाज सुरू व्हायचा. वंदनाची माय प्रमिलाबाई ओट्यावर चहा आणून द्यायच्या.

"सर, आत या ना. भाएर कुडकुडून राह्यले."

"नको. आत तो हाये."

"कोन?"

"तो."

प्रमिलाबाई आत पाहून यायच्या. "घरात तं वंदनाच हाये, सर."

कधी कधी राहवायचं नाही. काळ-काम-वेगाचं उदाहरण तो आडमार्गानं सोडवायला लागला की मी खिडकीतून ओरडायचो, "वंदने, एवढा फेरा काहून घेऊन राह्यली? लसावि काढ सरळ!" पहिल्या दिवशी ती "हो, सर" म्हणाली. दुसऱ्या दिवशी तिनं खिडकी लावून घेतली. पण कडी हळूच लावली, मला ऐकू जाऊ नये म्हणून. आवाज मला आलाच.

तिनं तो कोर्स शेवटपर्यंत नेला. त्यातली परीक्षा दिली, मग भरतीची खरी परीक्षा दिली, आणि निकाल लागला. वंदना तलाठी झाली.

त्याच दुपारी माझा फ्लेक्स चौकात लागला. मी दुसऱ्या फ्लेक्सची वाट पाहत बसलो. दादा काय छापतो, किती मोठा छापतो, कोणत्या रंगात, माझी नुसती तगमग चालली होती. आठवडा गेला, काही नाही. त्याची सगळी लेक्चरं पुन्हा चाळली, वंदनाचं नाव कुठं नाही. तेव्हा डोक्यात उजेड पडला की त्याला वंदना ठाऊकच नाही. अशी कोण पोरगी जऊळक्यात आहे, तिच्या घराला किती पायऱ्या, सोंगणीत तिचं बोट कापलं तेव्हा ती डाव्या हातानं लिहायला शिकली, त्याला काहीच माहीत नाही. इतके महिने मी ज्याच्याशी कुस्ती खेळत होतो तो आखाड्यात आलाच नव्हता. भांडायला आला असता तर बरं वाटलं असतं. जिंकून श्रेय मागायलाही न येणाऱ्या माणसामुळे आपला जितका जळफळाट होतो, तितका समोर येऊन हरवणाऱ्यामुळेही होत नाही.

आळीतल्या बुद्धविहारात तिचा सत्कार झाला. सगळी आळी जमली होती. मी पहिल्या रांगेत, नवा शर्ट, इस्त्रीचा. कोणीतरी माइक तिच्यापुढं धरला आणि विचारलं, श्रेय कोणाला? मी उठून उभं राहण्याच्या बेतात पुढं सरकलो. वंदना म्हणाली, "मले सरांनी उठवलं आन् दादांनी शिकवलं."

टाळ्या कडाडल्या. माझ्या पाठीवर थापा पडल्या. म्हणायला वाटणी अगदी बरोबर होती. पण मला काही ती पटेना. जेवणाच्या पंगती बसल्या तेव्हा मी तिला विहाराच्या मागं कडुलिंबाखाली बोलावलं.

"वंदने, आता तू साहेब झाली, तुले कोनाची भीती नाही, खरं सांग. त्याच्यात असं काय हाये जे माह्यात नाही? तो तुले फुकट शिकवे, मी बी फुकट. गनित त्याचं बी तेच, माहं बी तेच. उलट तो फलाट खाते..."

"सर..."

"थांब, माहं होऊ दे. तो तुले ओळखत नाही, मी तुह्या घरचा कुत्रा बी ओळखतो. आवाज म्हनशीन तं माह्या आवाजानं मालगाडी थांबते..."

"सर, मी सांगतो..."

"मधात नको बोलू व! अनुभव म्हनशीन तं तो शाळंत बी गेला नसंन तवापासून मी शिकवून राह्यलो. सोप्या रीती म्हनशीन तं माह्यापाशी पोतंभर हायेत. हसून शिकवते म्हनशीन तं मी बी हसलो असतो, मले कोनी सांगतलं नाही! मंग काय हाये त्याच्यात? सांग ना! आता गप्प काहून बसली?"

वंदनानं माझा श्वास संपेपर्यंत वाट पाहिली. मग म्हणाली, "त्याले थांबवता येते, सर."